स्वादुपिंडाचा जुनाट दाह : कारणे आणि उपचार



गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही व सौ. हॉलंडमधील आर्नहेम या शहरी आमच्या थोरल्या मावसभावाकडे तीन आठवडे राहून आलो. ऱ्हाईन नदीच्या काठचे हे शहर टुमदार आहे, पण त्याचे वर्णन करण्यासाठी आज लेखणी उचललेली नाही. स्टेशनावर आम्हांला घ्यायला आलेले भाऊ पाहून आम्ही दोघेही चरकलो. मुंबईच्या गोदीत होते तेव्हा ज्यांच्या दंडावर सदऱ्याची बाही ताठ बसायची, ते भाऊ आता पट्ट्याला नवी भोके पाडून विजार कशीबशी कमरेवर ठेवीत होते. रात्री जेवण झाले की अर्ध्या तासाने ते खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरे टेकून बसत. कोणी काही विचारले तर "जरा पोट धरलंय" एवढेच म्हणत.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी सौ.ला स्वयंपाकघरात नेऊन एक खण उघडून दाखविला. आत औषधाच्या कॅप्सुलांच्या चार बाटल्या होत्या. चारीही भरलेल्या, एकीचेही झाकण उघडलेले नाही. बाटलीबरोबरच्या कागदावर डच भाषेत 'वार्कन' हा शब्द होता. वार्कन म्हणजे डुक्कर. भाऊंनी तो शब्द वाचला, बाटल्या खणात ठेवल्या आणि डॉक्टरांना मात्र "घेतो आहे" असे सांगत राहिले.

भाऊंच्या रोगाचे नाव स्वादुपिंडाचा जुनाट दाह. परतल्यावर आम्ही या रोगाविषयी मिळेल ते वाचले, ओळखीच्या दोन डॉक्टरांना त्रास दिला, आणि जे समजले ते आपल्या लोकांपुढे ठेवावेसे वाटले. कारण लोदला एका लग्नात भाऊंचा विषय निघाला तेव्हा जवळच्याच एका गृहस्थांनी डोळे मिचकावून "तिकडे थंडी फार, घेत असतील थोडी" असे म्हटले होते. भाऊ घेत नाहीत. कधीच घेत नव्हते. परंतु हा प्रवाद त्यांच्या कानी पूर्वीच गेला होता, आणि रोग लपविण्याचे ते एक कारण झाले.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा पडलेला, वीतभर लांबीचा मऊ अवयव आहे. इस्राएलमध्ये दवाखान्यात आपण याला 'लवलव' म्हटलेले ऐकतो. मराठी कानाला तो शब्द लवलवणाऱ्या पात्याची आठवण करून देतो. डच लोक त्याला 'आल्फ्लेस्क्लिर' म्हणतात, म्हणजे 'सगळे मांसच असलेली ग्रंथी', आणि ग्रीक 'पॅन्क्रिअस'चाही अर्थ हाच. या अवयवाच्या अभ्यासात हॉलंडचा मान मोठा आहे. रेनिये द ग्राफ नावाच्या अवघ्या तेवीस वर्षांच्या डच विद्यार्थ्याने पिसाच्या पोकळ देठाची नळी करून ती कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या वाहिनीत बसविली, त्यातून ठिबकणारा रस जमविला आणि १६६४ साली लायडन येथे त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तो रस आंबट असतो असे त्याला वाटले, ते चुकीचे ठरले. पण रस मिळविण्याची युक्ती खरी होती.

या अवयवाची कामे दोन. एक म्हणजे पाचक रस तयार करून तो एका मधल्या वाहिनीतून आतड्यात सोडणे. दुसरे म्हणजे इन्सुलिन व त्याच्या उलट काम करणारे ग्लुकागॉन ही द्रव्ये रक्तात सोडून साखर ताब्यात ठेवणे. पाचक रस इतका तिखट असतो की मांस, चरबी, पीठ सगळे विरघळवितो. तो स्वादुपिंडालाच का विरघळवीत नाही? कारण तो आतड्यात पोचेपर्यंत झोपलेल्या अवस्थेत असतो. काही कारणाने तो आतल्या आतच जागा झाला, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हे एकाएकी व जोरात झाले म्हणजे तीव्र दाह. त्यात माणूस तडकाफडकी इस्पितळात जातो, आणि बहुतेक लोक बरे होतात. जुनाट दाह निराळा. त्यात ही जळवण वर्षानुवर्षे थोडी थोडी होत राहते, मऊ मांसाच्या जागी व्रणासारखी कठीण घडण येते, वाहिनी कुठे आवळते तर कुठे फुगते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे धरतात. गेलेले मांस परत येत नाही. म्हणून या रोगात 'बरा झाला' हा शब्द डॉक्टर सहसा वापरीत नाहीत. 'ताब्यात आला' असे म्हणतात.

आता कारणांकडे वळू. दारू हे मोठे कारण आहे, यात शंका नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला हा रोग होण्याचा धोका पुष्कळ वाढतो, आणि युरोप-अमेरिकेत दारूचा वाटा मोठा आहे. परंतु भरपूर पिणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच हा रोग होतो, आणि ज्यांना होतो त्यांतील पुष्कळांनी दारूला स्पर्श केलेला नसतो. आपल्या मायदेशाचेच उदाहरण घ्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानातील निरनिराळ्या इस्पितळांतील १,०८६ रुग्णांची पाहणी झाली. त्यांत दारू हे कारण ठरले ते शंभरांतील सुमारे ३९ जणांत. साठ जणांत कोणतेही एक कारण सापडलेच नाही. म्हणजे हिंदुस्थानात हा रोग झालेला माणूस भेटला, तर तो न पिणारा असण्याचा संभव अधिक. लग्नाच्या मांडवात डोळे मिचकावणाऱ्या गृहस्थांना आम्ही हे आकडे पत्राने कळविले आहेत. उत्तर आलेले नाही.

उष्ण देशांत होणाऱ्या या रोगाची कथा लांबची आहे, आणि तिच्यातही एक डच माणूस येतो. झौडेमा नावाच्या डॉक्टराने इंडोनेशियात गरीब, अर्धपोटी लोकांच्या स्वादुपिंडात खडे भरलेले पाहिले आणि १९५९ साली त्यावर लिहिले. त्यानंतर केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे कितीतरी रुग्ण गोळा केले. लहानपणी पोटदुखी, तरुणपणी मधुमेह, आणि ऐन उमेदीत मृत्यू असा तो क्रम असे. दोष प्रथम कुपोषणाला व टॅपिओकाच्या कंदाला दिला गेला, कारण केरळातील गरीब तोच खात. पण टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही तोच रोग आढळला, खाऊनपिऊन सुखी घरांतही आढळला, तेव्हा तो तर्क लंगडा पडला. वर सांगितलेल्या २००८ च्या पाहणीत जुन्या पुस्तकी वर्णनात बसणारे रुग्ण शंभरांत चारच निघाले.

मग उरते काय? रक्तातला वारसा. १९९६ साली अमेरिकेत असे एक जनुक सापडले की ज्यातील दोषामुळे काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या हा रोग चालत येतो. पुढे पाचक रसाला वेळेआधी जागे होऊ न देणारे दुसरे एक जनुक सापडले. त्याचे नाव स्पिंक-१. त्यातील एक दोष हिंदुस्थानी रुग्णांत फार मोठ्या प्रमाणात दिसतो, हे २००२ च्या सुमारास हैदराबाद व इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखविले. निरोगी माणसांतही तो थोड्यांत असतो, म्हणून तो असला की रोग झालाच असे नाही. तो सरपणासारखा, पेटवायला ठिणगी दुसरीकडून यावी लागते.

ती ठिणगी पुष्कळदा तंबाखू असते. हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि बहुतेक वाचकांनाही नसेल. सिगारेट फुप्फुसे जाळते हे सर्वांना माहीत. पण ती दारूशिवायही, एकटीच, स्वादुपिंडाचा जुनाट दाह होण्याचा धोका वाढविते, आणि झालेल्या रोगात खडे धरण्याची व मधुमेह येण्याची घाई करते. दारू व तंबाखू जोडीने आली तर विचारायलाच नको. आमचे भाऊ दारू पीत नाहीत, पण हॉलंडात खुला तंबाखू कागदात वळून ओढण्याची पद्धत आहे, ती त्यांनी पहिल्याच वर्षी उचलली. विडी वळणाऱ्या मुलुखातून गेलेल्या माणसाला ते अवघड का जावे? चाळीस वर्षे त्यांनी दिवसाला पंधरा-वीस ओढल्या. लोकांनी दारूचा संशय घेतला आणि खरा चोर वरच्या खिशात मजेत बसला होता.

आणखी काही कारणे मोजकी आहेत, पण ती विसरू नयेत, कारण त्यांना नेमका उपाय आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढणे. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींच्या बिघाडाने रक्तात कॅल्शियम वाढणे. वाहिनीची जन्मजात वेडीवाकडी रचना. पूर्वीच्या अपघाताने किंवा गाठीने वाहिनी आवळली जाणे. शिवाय शरीराची संरक्षण-व्यवस्थाच स्वादुपिंडावर उलटते असा एक प्रकार आहे. तो स्टेरॉइड औषधांनी झपाट्याने उतरतो, आणि कर्करोगाच्या गाठीसारखा दिसत असल्याने ओळखला नाही तर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होते. पित्ताशयातील खडे मात्र बहुधा तीव्र दाह करतात, जुनाट क्वचितच.

रोग ओळखावा कसा? पोटाच्या वरच्या भागात कळ येते, ती आरपार पाठीत जाते, जेवणानंतर वाढते आणि पुढे वाकल्याने थोडी हलकी वाटते. काहींना कळ मुळीच येत नाही. अन्न अंगी लागत नाही, वजन उतरते. शौचास फिकट, तेलकट, फार दुर्गंधीचे होते आणि पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहते. आपल्या घरांत या गोष्टीची वाच्यता करायची लाज वाटते, पण डॉक्टरला याच एका वाक्याने अर्धा रोग समजतो. ही खूण उशिरा दिसते, हे लक्षात ठेवावे. ग्रंथीची शंभरांतील नव्वद हिस्से ताकद गेल्यावरच चरबी न पचता बाहेर पडू लागते.

येथे आर्नहेमचा संबंध पुन्हा येतो. तेथील राइनस्टाटे इस्पितळातील पोटविकारतज्ज्ञ डॉ. मार्सेल स्पानिएर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर सबंध हॉलंडमधील इस्पितळांच्या नोंदी जुळवून १९९५ ते २००५ या वर्षांतील स्वादुपिंडदाहाची मोजदाद केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीव्र दाहाचे नवे रुग्ण दर लाख वस्तीत वर्षाला तेरा ते पंधरा. जुनाट दाहाचे मात्र दोनाच्याही आत, पावणेदोनच्या आसपास. आम्ही कागदावर हिशेब मांडला. हॉलंडात प्रत्येक माणूस आधी आपल्या घरच्या डॉक्टराकडे जातो, तो चिठ्ठी देईल तेव्हाच इस्पितळ. अशा एका डॉक्टराकडे दोन हजार माणसे नोंदलेली धरली, तर त्याला जुनाट दाहाचा नवा रुग्ण पंचवीस-तीस वर्षांत एखादाच भेटणार. बिचारा ओळखणार कसा? भाऊंनाही दोन वर्षे आम्लपित्ताच्या गोळ्याच मिळत गेल्या. यात कोणाचा द्वेष नाही; रोग दुर्मिळ असला की असे होते.

त्यात आणखी एक फसगत आहे. तीव्र दाहात रक्तातील अमायलेज व लायपेज वाढतात, पण जुनाट दाहात ती तपासणी पुष्कळदा अगदी सरळ येते, आणि "रक्त चांगले आहे" म्हणून रुग्ण घरी परततो. सी.टी. स्कॅनवर खडे व फुगलेली वाहिनी दिसते. ते स्पष्ट नसेल तर एम.आर.आय. किंवा दुर्बीण पोटात घालून आतून घेतलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. पचनाची ताकद किती उरली हे शौचातील इलास्टेज या द्रव्यावरून कळते. कुपात होलिमच्या डॉक्टरांना या तपासण्यांविषयी विचारण्यात कमीपणा मानू नये.

उपचारांत पहिली गोष्ट दारू व तंबाखू, दोन्ही, पूर्णपणे बंद. 'कमी केली' चालत नाही. किद्दूशचे काय, असे कोणी विचारील. आपल्या आज्यांनी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून जे शरबत केले, त्यावर बेने इस्राएलांच्या कितीएक पिढ्यांनी किद्दूश म्हटला. त्याच्यात नशा नव्हती आणि बरखा पुरेपूर होती. या रोगाच्या माणसाने वाइनची बाटली बाजूला ठेवून पुन्हा तेच शरबत काढावे.

दुसरी गोष्ट त्या खणातल्या कॅप्सुलांची, आणि येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. स्वादुपिंडाचा रस आटला की तो बाहेरून द्यावा लागतो. बाजारात या रोगावर चालणारी सर्व प्रमुख औषधे डुकराच्या स्वादुपिंडापासूनच करतात. न घेतल्यास काय होते? खाल्लेली चरबी वाया जाते, तिच्याबरोबर अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे वाहून जातात, हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात. माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतो. भाऊंचे तेच चालले होते.

तोराहने डुकराचे मांस खाणे मना केले आहे, लेवीय अकराव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. पण त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात विधी पाळून माणसाने जगावे असे म्हटले आहे, आणि आपल्या गुरुजनांनी त्यावरून जीव वाचविण्याचा नियम काढला. योमा या ग्रंथभागात, म्हणजे खुद्द दरफाळणीच्या दिवसाच्या चर्चेत, तो सांगितला आहे. शिवाय औषध लेप चढविलेल्या दाण्यांच्या रूपाने कॅप्सुलात भरलेले असते. ते चावत नाहीत, त्याला चव नाही, ते भूक भागवीत नाही. हे रूढ अर्थाने खाणे नव्हेच, असे म्हणून अनेक रब्बींनी रुग्णाला ते घेण्यास मोकळीक दिलेली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह होता, त्यांतील किती जण १९८० पर्यंत डुकराच्या किंवा गायीच्या इन्सुलिनवर जगले, ते आठवून पाहा. ते सुईने घेत असत हा फरक आहे खरा. ज्याला शंका असेल त्याने आपल्या रब्बींना जरूर विचारावे. पण विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद ठेवू नये. भाऊंची चूक अशी की त्यांनी रब्बींनाही विचारले नाही आणि डॉक्टरांनाही सांगितले नाही. आपणच न्यायाधीश होऊन बाटल्यांना खणात बंदिवास दिला.

घेण्याची रीतही नीट समजून घ्यावी, कारण चुकीच्या वेळी घेतलेले औषध न घेतल्यासारखेच. रस अन्नात मिसळला पाहिजे, म्हणून कॅप्सूल जेवताना घ्यावी. उपाशीपोटी नाही, जेवण उरकल्यावर नाही. जास्त असतील तर पहिल्या घासाबरोबर एक व मध्ये एक, अशा वाटून घ्याव्यात. युरोपीय तज्ज्ञांनी २०१७ साली घातलेल्या नियमाप्रमाणे सुरुवात मोठ्या जेवणाबरोबर लायपेजच्या ४० ते ५० हजार युनिटांनी आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्म्याने करतात. हा आकडा डॉक्टर ठरवील. आम्ही लिहिला तो एवढ्यासाठी की पुष्कळांना फार थोडी मात्रा दिलेली असते. दाणे चघळू नयेत, गरम पदार्थात कालवू नयेत. गुण येत नसेल तर मात्रा वाढवितात, किंवा जठरातील आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात, कारण आम्लाने लायपेज मरते.

आणि जेवण? पूर्वी डॉक्टर 'तूप-तेल बंद' म्हणत आणि रोगी आणखी खंगत असे. आता ती रीत सोडली आहे. पोटभर व सकस खावे, थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे, आणि चरबीच्या मानाने कॅप्सूल घ्यावी. आपला स्वयंपाक नारळाच्या दुधावर उभा आहे; आमटी, मासळी, चिकाचा हलवा, काहीही घ्या, नारळ पिळल्याशिवाय होत नाही. वहिनींनी या रोगाच्या भीतीने दोन वर्षे घरात नारळ आणला नव्हता आणि भाऊ उकडलेले बटाटे गिळीत होते. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की नारळाच्या दुधातील मासळी खाऊ द्या, फक्त तिच्याबरोबर एक कॅप्सूल जास्त. ते ऐकताना वहिनींचे डोळे भरून आले, असे सौ. सांगते, आम्ही बाहेर बसलो होतो.

या रोगाने होणारा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा नसतो. इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉनही कमी झालेले असते, त्यामुळे साखर जशी वाढते तशी एकाएकी धोकादायक उतरतेही. रुग्णाने वर्षातून एकदा तरी साखरेची तपासणी करावी. इन्सुलिन सुरू असेल तर दरफाळणीचा व बिर्ड्याचा रोजा धरण्यापूर्वी काही आठवडे आधीच डॉक्टर व रब्बी दोघांशी बोलावे. आदल्या संध्याकाळी नव्हे.

आता कळ. हाच या रोगातला सर्वांत कठीण भाग, आणि याच बाबतीत हॉलंडमधून जगाला सर्वांत उपयोगी धडा मिळाला आहे. साध्या वेदनाशामकांपासून सुरू करून शेवटी अफूजन्य औषधांपर्यंत जाण्याची पायरी सर्वत्र चालते. त्या शेवटच्या पायरीवर माणूस वर्षानुवर्षे अडकतो. बद्धकोष्ठ होते, सवय लागते, आणि सततच्या कळेने मज्जातंतू इतके चिडखोर होतात की मूळ कारण काढले तरी दुखणे थांबत नाही. आर्नहेमपासून आगगाडीने जवळच असलेल्या नेयमेखन येथील संशोधकांनी डेन्मार्कमधील ऑलबोर्गच्या संशोधकांबरोबर प्रेगाबॅलिन हे मज्जातंतूंना शांत करणारे औषध ६४ रुग्णांत तपासले. २०११ साली त्याचा निष्कर्ष आला : ज्यांना ते मिळाले त्यांची कळ नुसत्या खोट्या गोळीपेक्षा अधिक उतरली. जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचा मात्र वाद आहे. २००९ साली दिल्लीच्या ए.आय.आय.एम.एस.मध्ये १२७ रुग्णांत त्याने कळ कमी झाली, तर २०१२ साली इंग्लंडातील अभ्यासात काहीच फरक दिसला नाही.

वाहिनी तुंबून फुगली असेल तर ती मोकळी करावी लागते. एक मार्ग तोंडातून दुर्बीण घालण्याचा : खडे बाहेरून ध्वनीच्या धक्क्याने फोडायचे, मग दुर्बिणीतून काढायचे, आवळलेल्या जागी नळी बसवायची. खडे फोडण्याचे काम हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत हजारो रुग्णांवर झालेले आहे. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. १९६० साली पार्टिंग्टन व रोशेल यांनी सांगितलेल्या रीतीत, भरली भेंडी करताना चिरतो तशी वाहिनी लांबीत उघडतात आणि आतड्याची कड तिला शिवून टाकतात, म्हणजे रस सरळ आतड्यात उतरतो. ग्रंथीचे डोके कठीण झाले असेल तर तेथील मांसही कोरून काढतात.

साहजिकच सर्वांना वाटे की आधी दुर्बीण, पोट फाडणे अगदी शेवटी. आमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ते ताडून पाहिले. ३९ रुग्णांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दुर्बीण व निम्म्यांना शस्त्रक्रिया दिली. २००७ साली निकाल छापला : दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या बाजूला शंभरांतील ७५ जणांची कळ पूर्ण किंवा बरीचशी गेली होती, दुर्बिणीच्या बाजूला ३२ जणांची. पुढे पाठपुरावा चालू ठेवला तेव्हा दुर्बिणीच्या १९ जणांपैकी ९ जणांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली, आणि उशिरा केल्याने गुण कमी आला. मग हॉलंडातील ३० इस्पितळांनी मिळून ८८ रुग्णांचा दुसरा अभ्यास केला. त्यात असे रुग्ण घेतले की ज्यांना अफूजन्य औषधे नुकतीच लागू झाली होती. अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया, अर्ध्यांना आधी औषधे, मग दुर्बीण, आणि जरूर तरच शस्त्रक्रिया. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. दीड वर्षातील कळेचे सरासरी माप शंभरांपैकी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत ३७, इतरांत ४९. फरक प्रचंड नाही, आणि दीड वर्षाच्या शेवटी किती जणांची कळ गेली या एका प्रश्नावर दोन्ही गटांत पक्का फरक सिद्ध झाला नाही. तरी दिशा तीच. फुगलेल्या वाहिनीच्या रुग्णाने सर्जनची गाठ वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये, एवढे यावरून आम्ही तरी समजलो. वाहिनी फुगलेली नसेल त्याला हा हिशेब लागू नाही.

काही थोड्या रुग्णांत सबंध ग्रंथी काढून तिच्यातील इन्सुलिनच्या पेशी वेगळ्या करून यकृतात सोडतात. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९७७ साली याची सुरुवात झाली. हा अखेरचा उपाय, आणि मोजक्याच ठिकाणी होतो.

कर्करोगाची भीती पुष्कळांना वाटते, म्हणून तेही सांगतो. १९९३ साली सहा देशांतील सुमारे दोन हजार रुग्णांचा पाठपुरावा छापला गेला. वीस वर्षांत शंभरांतील चौघांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. म्हणजे धोका सामान्यांपेक्षा पुष्कळ अधिक, पण बहुसंख्यांना तो होत नाही. वजन एकाएकी उतरले, कावीळ दिसली, कळेची तऱ्हा बदलली, तर त्याच आठवड्यात दाखवावे.

आमचा मुक्काम संपण्याच्या चार दिवस आधी, शुक्रवारी रात्री, सौ.ने मनुकांचे शरबत काढले होते. भाऊंनी किद्दूश म्हटला, मग काही न बोलता उठून खण उघडला, एका बाटलीचे झाकण पिळले आणि ताटाशेजारी दोन कॅप्सुला ठेवल्या. वहिनींनी त्यांच्या ताटात नारळाच्या रसातली सुरमई वाढली. तंबाखू सुटायला पुढे पाच महिने लागले, आणि मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाली. जानेवारीत त्यांची शस्त्रक्रिया झाली. गेल्या महिन्यातील फोनवर त्यांनी सांगितले की वजन सहा किलो वाढले आहे, कळ कधीमधी येते, आणि पट्ट्याची नवी भोके आता उपयोगाची राहिली नाहीत.